पाठवणी

“दादा, तुम्हाला मार खाताच येत नाही,” असं रुपाली म्हणाली आणि विहाराच्या पडवीत बसलेली सगळी मंडळी खो खो हसली. संघर्षही हसला. चारचौघांत हसण्याची वेळ आली की सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसायचं, ही सवय त्याने गेल्या काही वर्षांत अंगी बाणवून घेतली होती. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आंबेडकर जयंतीला दर साली पथनाट्य होतं. यंदाचा विषय होता बायकांना घरात होणारी मारहाण. नाटक लिहिलं होतं रुपालीने. ती निवृत्त गार्डसाहेबांची मुलगी, पुण्याला समाजकार्याचं शिकून आलेली, बोलायला धारदार पण मनाने सरळ. नवऱ्याचं काम संघर्षला मिळालं ते निव्वळ त्याचं अंग बघून. तो यार्डात पॉइंट्समन होता, इंजिनाला डबे जोडायचं आणि सोडवायचं काम. त्यामुळे दंड भरलेले, आवाज खणखणीत, वर झुपकेदार मिशा. असला माणूस बायकोला मारताना शोभून दिसेल, याबद्दल कॉलनीत कुणाचंही दुमत नव्हतं. मारण्याचे प्रवेश त्याने बरे केले होते. अडलं होतं ते शेवटाला. शेवटी वस्तीतल्या बाया लाटणी घेऊन येतात आणि त्याला बडवून काढतात, तिथे लोकांनी शिट्ट्या मारायच्या अशी योजना होती. पण बायांनी लाटणी उगारली की संघर्ष दोन्ही हात पाठीमागे न्यायचा, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरायचा आणि फरशीकडे बघत मुकाट उभा राहायचा. “शाळेत प्रार्थनेला उभे आहात का?” रुपाली म्हणाली. “मार बसतो तेव्हा माणूस हात आडवे घालतो, वाकतो, ओरडतो. हे फार खोटं वाटतंय, दादा.”

खोटं! आपण दुसऱ्या कुठल्या प्रकारे उभे राहू शकतो हे संघर्षला खरोखरच आठवत नव्हतं. हात आडवा घालायचा नाही, हे तो फार महागात शिकला होता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तेजश्रीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मोबाइलच्या चार्जरची वायर त्याच्यावर उगारली, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं होतं. नुसतं धरलं होतं. पण बांगड्या फुटल्या, काच लागली, रक्त आलं. ते मनगट वर धरून ती तशीच बाहेर गेली आणि कॉलनीतली माणसं गोळा झाली. त्याच्याबरोबर यार्डात काम करणारा जयसिंग त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, “आरं, तू तरी असला नव्हतास रं.” तिच्या दुसऱ्या हातात काय होतं हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कशाला? संघर्षला त्या लोकांचा रागसुद्धा आला नव्हता. बाईच्या मनगटावर रक्त बघितलं असतं तर त्यानेही हेच मानलं असतं. इतकंच काय, तिचं मनगट आपल्या मुठीत बघून त्याला स्वतःचा हात ओळखू आला नव्हता. तो हात साहेबरावांचा, त्याच्या बापाचा वाटला होता. शिरूरच्या मार्केट यार्डात पोती उचलणारा बापाचा तो हात त्याच्या आईवर कसा पडायचा, हे त्याने लहानपणी खाटेखाली पालथं पडून ऐकलं होतं. बाप मेला तेव्हा तो रडला नाही म्हणून नातेवाइकांनी नावं ठेवली. त्यांना काय ठाऊक, त्याला जन्मभर एकच भीती होती, की आपण त्या माणसासारखे होऊ. म्हणून त्या दिवसापासून तेजश्रीचा आवाज चढला की त्याचे हात आपोआप पाठीमागे जायचे आणि एकमेकांना धरून ठेवायचे.

जयसिंगला नाटकात शेजाऱ्याचं काम होतं. तो मस्करीत म्हणाला, “म्याडम, बायकाबी मारत्यात की. ते बी दाखवा एकदा!” पुन्हा हशा पिकला. रुपाली मात्र हसली नाही. “दाखवतात की, जयसिंगदादा. रोज दाखवतात. टीव्हीवर बायको लाटणं घेऊन मागे लागते आणि नवरा पलंगाखाली शिरतो. लोक हसतात. तुम्ही आत्ता हसलात तसेच. बाईला मारलं की रडायचं आणि बाप्याला मारलं की हसायचं, एवढंच आपल्याला दाखवता येतं. पण म्हणून सगळं सारखं होत नाही. आपल्या कॉलनीत रात्री ज्यांचे आवाज येतात त्या बायकाच असतात.” मग ती सगळ्यांवरून नजर फिरवून शांतपणे म्हणाली, “तरी सांगते. खरंच मार खाणारा पुरुष कुणी असेल तर त्याने येऊन मला सांगावं. मी त्याचंही नाटक लिहीन. आणि त्यात कुणाला हसू देणार नाही.” जयसिंग लगेच उठून उभा राहिला आणि गावातल्या सभेत विचारतात तसं हात वर करून ओरडला, “हाय का कोण? बोला! हाय का कुनी?” सगळे एकमेकांकडे बोटं दाखवू लागले, नुसता कल्ला झाला. संघर्षने जयसिंगच्या पाठीत थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. रुपालीचं म्हणणं त्याला पटलं होतं, अगदी शब्दन्‌शब्द पटलं होतं. त्याच्या आईची कड घेऊन एवढं खणखणीत बोलणारं त्या काळी शिरूरच्या त्या गल्लीत कुणी नव्हतं. आणि दार एवढं उघडं ठेवून कुणी त्याला आत बोलावलंही नव्हतं. त्याने उठून नुसतं ‘मी’ म्हणायचं होतं. तो मिशा पुसत बसून राहिला.

मग रुपालीने त्याला मार खायला शिकवलं. खांदे आत ओढायचे, कोपरं डोक्यावर आणायची, गुडघ्यात वाकायचं. आणि ओरडायचं. पहिल्या दोन खेपांना त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. तिसऱ्यांदा एका बाईचं लाटणं चुकून त्याच्या खांद्याला लागलं, नेमकं शर्टाच्या आतल्या दुखऱ्या जागेवर, आणि “आई गंऽऽ” अशी आरोळी त्याच्या पोटातून निघाली. पडवी दणाणली. बाहेर खेळणारी पोरं पळत आली. तो खाली बसला, कोपरांत तोंड लपवलं आणि पुन्हा पुन्हा ओरडला, आई गं, आई गं. किती बरं वाटत होतं ते! एवढ्या वर्षांत त्याने घरात तोंडातून आवाज काढला नव्हता. भिंती पातळ, पलीकडे बिऱ्हाडं, आणि आतल्या खोलीत मुलगी गौतमी अभ्यासाला बसलेली. इथे त्याला सगळ्यांदेखत बोंबलायची परवानगी होती आणि वर लोक टाळ्या वाजवत होते. “व्वा दादा, आता खरं वाटलं!” रुपाली म्हणाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेजश्रीही होती. महिला मंडळाच्या बायकांबरोबर ती गौतमीला घेऊन पुढेच बसली होती. नाटकातली बायको मार खाते त्या प्रवेशाला तिने डोळ्याला पदर लावला होता, आणि ते ढोंग नव्हतं. संघर्षला हेच उलगडत नसे. तेजश्री दुष्ट असती तर फार सोपं झालं असतं.

पहिल्यांदा तिने मारलं तेव्हा तो हसला होता, ही गोष्ट त्याने स्वतःला कधी माफ केली नाही. टीव्हीवर असलंच काहीतरी लागलं होतं, तिने त्याला चिमटा घेतला, मग चापट मारली, मग दुसरी, आणि दुसरी फार जोरात लागली. कान वाजला. त्याला वाटलं, नवीन लग्न आहे, लाडात आहे. तो हसला. नंतर कितीतरी दिवस तो हसतच राहिला, कारण नवऱ्याने बायकोचा मार मनावर घेतला असं कुणी कुठे केल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. मग मुकाट्याने सोसणं आलं. कारण काहीही पुरायचं. ड्युटी लांबली, गॅस संपला, तिची नोकरीसाठीची परीक्षा पुन्हा गेली, तो काही बोलला, तो काहीच बोलला नाही. मारून झालं की पाच-दहा मिनिटांत ती बहिणीला फोन लावून भाजी काय केली ते विचारायची, अगदी रोजच्या आवाजात. मागच्या आठवड्यात भाकरीचं उलथनं तापलेलं होतं आणि तेच तिच्या हातात होतं. रेल्वेच्या दवाखान्यात त्याने इंजिनाच्या पाइपाला चिकटलो असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जपून काम करा. तालमीहून घरी आल्यावर त्या संध्याकाळी त्याला सारखं ते ‘आई गं’ ऐकू येत राहिलं. कोणाला तरी हाक मारावी आणि तिने ओ द्यावी, एवढ्यासाठी माणूस ते म्हणत असेल ना? आईला मार म्हणजे काय हे माहीत आहे. तिला समजावून सांगावं लागणार नाही. या पृथ्वीवर ती एकटी अशी बाई आहे जी हसणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा विसावा, म्हणजे आठवड्याची सुट्टी होती. त्याने सकाळी तेजश्रीला सांगितलं, आईला बरं नाही, शिरूरला जाऊन येतो. “जा की. मी काय अडवलंय?” ती म्हणाली आणि गौतमीची वेणी घालत राहिली.

एसटी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तसा तो मनात वाक्यं जुळवू लागला. ती काही जुळेनात. ‘आई, मला तेजश्री मारते.’ हे वाक्य त्याने ओठ न हलवता म्हणून बघितलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याने ऐकलं की काय म्हणून दचकून त्याच्याकडे पाहिलं. केवढं बावळट वाक्य! जयसिंगच्या तोंडी घातलं तर अख्खं यार्ड हसेल. ‘आई, मला नवरा मारतो’ हे वाक्य कसं आपल्या पायांवर उभं राहतं. ते ऐकल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. निदान रुपाली तरी विचारत नाही. त्याच्या आईला मात्र सगळ्यांनी विचारलं होतं, हे त्याला आठवलं आणि तो खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसला. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी बराच वेळ रखडली. गाडी अशीच रखडत राहावी आणि शिरूर येऊच नये असं एकीकडे वाटत होतं, आणि एकीकडे छातीत अशी घाई सुटली होती की उतरून पळत जावं.

आई, ताईबाई, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. बाप गेल्यावरही तिने मार्केट यार्डात कांदा निवडायचं काम सोडलं नव्हतं, पण हल्ली गुडघ्यांमुळे ती रोज जात नसे. “आलास? पोरगी न्हाई आनली?” एवढं तिने विचारलं. तो आत जाऊन बसला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खालच्या खिळ्याला बाप. पाणी पिऊन झालं, पोरीची चौकशी झाली, दौंडला पाणी कधी येतं ते झालं. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. शेवटी त्याने काही न बोलता शर्टाची बटणं काढली आणि तिच्याकडे पाठ केली. मग तिची लसणाच्या वासाची बोटं त्याच्या खांद्याला लागली, जखमेच्या कडेकडेने फिरली, आणि तिथून खाली जुन्या वळांवरून गेली. “उलथनं?” ती म्हणाली. “व्हय,” तो म्हणाला. “सूनबाई?” “व्हय.” एवढंच. समजावून सांगावं लागलं नाही. त्याचं गणित बरोबर आलं होतं. तिने शंका घेतली नाही, हसली नाही, ‘छ्या, काहीतरीच’ म्हणाली नाही. तो भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडला, आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत “रड, रड लेका” म्हणत राहिली. संघर्षच्या सगळ्या संसारात तेवढी घटका सुखाची होती, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

रडून झाल्यावर तिने त्याला डोळे धुवायला लावले आणि समोर बसली. “तू काय केलं व्हतंस?” तिने विचारलं. हाच प्रश्न तिला तिच्या भावांनी विचारला होता, पोलीस पाटलाने विचारला होता, वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी विचारला होता. तो विचारला गेला की तिचा चेहरा कसा व्हायचा हे त्याने पोरपणी पाहिलं होतं. “काय न्हाई केलं,” तो म्हणाला. “आसं कसं? तोंडानं काय बोलला असशील. पगार देतोस ना सगळा? बाहेर कुठं…?” “आई!” “बरं बरं. इचारलं.” मग तो बोलला. मी गौतमीला घेऊन इथे येतो, बदलीचं बघतो, न्हाई जमलं तर रोज जाऊन-येऊन करीन, पण मला आता त्या घरात जायचं नाही. आपण हे म्हणणार आहोत हे त्याला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. म्हटल्यावर मात्र त्याला दिसलं की आपण यासाठीच आलो होतो, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी आता आईच्या एका ‘ये’वर येऊन थांबल्या आहेत.

ताईबाईने लसणाची सालं गोळा केली. “तिला मार म्हनत न्हाई मी तुला,” ती म्हणाली. “मी खाल्लाय, मी कुन्या तोंडानं म्हनू? पर सोडून येऊ नकोस बाबा. ती ठान्यात जाईल, रडंल, तुझ्या या मिशा बघून कोन तुझं खरं धरंल? पोरगी जाईल हातची. आन् लोक! बाई मार खाऊन म्हायेरी आली का लोक हळहळत्यात, आन् परत लावून देत्यात. बाप्या आला तर हासतील, आन् परत लावून देतील. हळहळ आन् हासू, तेवढाच काय तो फरक. जायाचं दोघांनाबी परत.” “कोन लावून देतंय, आई? हितं तूच हायेस.” ती त्याच्याकडे न बघता उठली. “म्हनूनच मी येते पोचवायला,” ती म्हणाली.

तिने भाकऱ्या केल्या, त्याला पोटभर वाढलं. मग पेटी उघडून एक कोरं लुगडं काढलं; धाकट्या जावेच्या घरचं आलेलं, जपून ठेवलेलं. पिशवीत बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, गौतमीला शेंगदाण्याचे लाडू आणि सगळ्यात वर ते लुगडं. संघर्ष बघत होता. नको म्हण, असं त्याच्या मनातलं कुणीतरी सांगत होतं, आणि त्याचे हात पाठीमागे एकमेकांना धरून बसले होते. एसटीत ती खिडकीशी बसली आणि न्हावरं गेल्यावर आपणहून बोलू लागली. “तुझा मामा मला आसंच पोचवायचा. पिशवी भरून द्यायचा. तुझ्या बापाला टोपी, टावेल आनायचा. दारात हात जोडायचा न् म्हनायचा, दाजी, पोटात घाला. मग म्हैनाभर बरं जायचं बघ.” तिच्या आवाजात राग नव्हता. मामाची आठवण निघाल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात येतो तसा ओलावा होता. संघर्षला एकदम वाटलं, हिला आत्ता विचारावं, मामाने असं पिशवी भरून पोचवण्यापेक्षा तुला ठेवून घेतलं असतं तर? पण त्याला भीती वाटली, की ती म्हणेल, मला मेलीला ते कधी सुचलंच नाही. त्याने विचारलं नाही.

दौंडला ते पोचले तेव्हा ऊन कललं होतं. तेजश्रीने सासूला बघून डोक्यावर पदर घेतला, पाया पडली, चहा टाकला, गौतमीला लाडू खायला बसवलं. ताईबाईने पिशवीतून लुगडं काढून तिच्या ओटीत घातलं आणि हात जोडले. “चुकलं आसंल त्याचं काय,” ती म्हणाली. “पोटात घाल, पोरी. बिनबापाचं लेकरू हाय.” तेजश्रीने संघर्षकडे पाहिलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. म्हणजे सांगून आलास, एवढंच त्या नजरेत होतं. मग ती गोड आवाजात म्हणाली, “आई, असं काय बोलता? माझं काही म्हणणं आहे का? तेच मनाला लावून घेतात.” ताईबाईचा चेहरा खुलला. खरंच खुलला; आपण पोराचं काम केलं, असा आनंद त्या सुरकुत्यांत मावत नव्हता. चहा झाल्यावर शेवटची गाडी चुकेल म्हणून तिने घाई केली, आणि संघर्ष तिला स्टँडवर सोडायला गेला.

गाडी लागलेलीच होती. ती गुडघ्यांवर हात टेकत पायऱ्या चढली, जागा धरली आणि खिडकीतून बाहेर वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “बरी हाय रं ती,” ती म्हणाली. “दिवस जात्यात. मी न्हाई का काढले? नीट नांद, बाबा.” आसपास माणसं होती, कंडक्टर तिकिटासाठी आवाज देत होता, शिरूरकडे परतणारी कॉलेजची पोरं आत घुसत होती. संघर्षने मान हलवली. “व्हय, आई,” तो म्हणाला, “नांदतो.” गाडी निघून गेल्यावर तो थोडा वेळ तिथेच थांबला. मग गौतमीला उद्या शाळेत न्यायला वही हवी होती, ती त्याने स्टँडसमोरच्या दुकानातून घेतली आणि क्वार्टरकडे चालू लागला.